ओंडका लोळवणाऱ्या हातांसाठी : प्रस्तावना

लाकडाच्या व्यवहारात वजन कोणी बोलत नाही. वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंजी (मोठी) लागतं. तिथे कुणी धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, कडुनिंब विकायला काढला, की लाकूडवाला येतो, दोरीने गोलाई घेतो, लांबी पाहतो आणि सांगतो, "पंधरा फुटाचा आहे." हे फूट म्हणजे घनफूट. दीड मीटर गोलाईचा आणि तीन मीटर लांबीचा ओंडका त्याच्या हिशेबात जवळजवळ पंधरा घनफुटांचा भरतो. हिशेब असा, की गोलाईचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. चिराईत जाणारी नासाडी त्यात आधीच वजा धरलेली असते, म्हणून ओंडक्याचं खरं घनफळ सव्वा पटीहून थोडं अधिक, म्हणजे एकोणीस घनफूट निघतं. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला हे ठाऊक असतं, भाव त्यावरच ठरलेला असतो. ओंडका हलवणाऱ्याला मात्र नासाडीची सूट नाही. त्याच्या अंगावर पुरते एकोणीस फूट येतात. ओलं लाकूड ढोबळमानाने पाण्याइतकं जड धरलं, तर ते सव्वापाचशे-साडेपाचशे किलो होतात.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 साली शिफारस केली, की प्रौढ पुरुषाने हाताने उचलायचं वजन 55 किलोंच्या वर जाऊ नये. त्या मापाने हा एक ओंडका उचलायला दहा माणसं हवीत. दहा फुटी ओंडक्याच्या दोन्ही अंगांना दहा माणसं दाटीवाटीने उभी राहिली तर एकमेकांच्या पायांवर पाय पडतात, आणि एकाचा हात सुटला की वजन बाकीच्या नऊ जणांवर येतं. तरीही आपल्याकडे ओंडका अडला की पहिला उपाय हाच असतो: आणखी दोघांना हाक मारा.

या पुस्तकाचं म्हणणं एका ओळीत सांगता येतं. ओंडका उचलायचा नसतो, लोळवायचा असतो. आणि लोळवायचा तर आधी त्या ओंडक्याला, त्या जमिनीला आणि आपल्या उंचीला जुळणारं हत्यार निवडायचं असतं. हे म्हणणं मला मनापासून पटतं, आणि त्याला घरचं कारण आहे. मी नऊ-दहा वर्षांचा असताना आमच्या वावरात वादळाने पडलेलं बाभळीचं खोड सहा जणांनी उचलून बंडीत चढवायला घेतलं. पावसाची ओल होती. पुढच्याचा पाय सरकला आणि खोड वडिलांच्या पावलावर आलं. ते पुढे चाळीस वर्षं चालले, पण चढणीवर त्यांचा उजवा पाय नेहमी अर्धा पाऊल मागे राहायचा. सब्बल त्या दिवशी दहा हातांवर, विहिरीच्या काठाला टेकून उभी होती. ती आणावी असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण सब्बल फक्त खड्डे खणायला असते अशीच आमची समजूत होती.

जंगलावरच्या गावांना ओंडके हलवण्याची सवय असते. आंजी तसं गाव नाही. धाम नदीच्या काठचं, काळ्या जमिनीचं, कपाशी-सोयाबीन-तुरीचं हे गाव. बोरचं जंगल इथून फार लांब नाही, पण इथलं लाकूड धुऱ्याचं: बाभूळ, कडुनिंब, आंबा, नदीकाठचा अर्जुन, अलीकडे निलगिरी आणि सुबाभूळ. बंडीचा आख, वखर, तिफण, डवरा, घराची मयाल, दाराची चौकट, सगळं एके काळी याच लाकडातून वाढ्याच्या, म्हणजे सुताराच्या, हाताने उतरायचं. त्यामुळे प्रत्येक घराला दोन-चार वर्षांतून एकदा एखादा मोठा ओंडका हलवावाच लागे. या कामाचे पट्टीचे कामगार गावात नव्हते, आणि काम तर टळत नव्हतं. लेखकाने आंजी आपल्या अभ्यासासाठी निवडली याचं मला म्हणूनच समाधान आहे. लाकडाच्या हत्यारांवर लिहायचं म्हणून कुणीही अल्लापल्लीला किंवा परतवाड्याला गेलं असतं. पण ज्याला या विद्येची गरज आहे तो माणूस आंजीसारख्या गावात, एकट्या-दुकट्याने, उधारीच्या हत्यारांनिशी ओंडक्यासमोर उभा असतो.

आता या हत्यारांची घराणी पाहू. मुळात ती चारच आहेत. बाकीची त्यांची पिल्लं.

पहिलं तरफेचं. सब्बल, पहार किंवा मजबूत बल्ली ओंडक्याखाली सरकवायची, जवळ टेकू ठेवायचा, दुसरं टोक दाबायचं. जगात हे सगळ्यात जुनं आणि आपल्या घरोघरी आहे. सब्बलेचं बळ ओंडका जागचा सुटा करण्यात. खाली दगड किंवा पाचर सारायला दोन बोटांची फट हवी असेल तर सब्बलेसारखं दुसरं काही नाही. पण सब्बल ओंडक्याला धरून ठेवत नाही. दाब काढला की ओंडका परत आपल्या जागी येतो, कधी जागा ओलांडूनही येतो. म्हणून सब्बल चालवणाऱ्यासोबत पाचर सारणारा दुसरा माणूस लागतो, आणि अपघातात बहुतेक वेळा बोटं त्याचीच जातात.

दुसरं घराणं आकड्याचं. ही मोठी घडामोड उत्तर अमेरिकेच्या जंगलांत झाली आणि तिच्याबद्दल आपल्याकडे जवळजवळ काहीच लिहिलं गेलेलं नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. लाकडी दांडा, त्याच्या खालच्या भागात कडीला अडकवलेला वाकडा लोखंडी आकडा. आकडा ओंडक्याच्या पाठीत रुततो, दांड्याचं टोक कुशीला टेकतं, आणि दांडा ओढला की पकड आपोआप घट्ट होते. जितका जोर, तितकी पकड. याला तिकडे कँट हुक म्हणतात. सुरुवातीच्या हत्यारात आकडा सैल कडीत लोंबकळायचा आणि कुठल्याही दिशेला झुलायचा. वाहत्या नदीत, ओल्या ओंडक्यांवर उभं राहून काम करणाऱ्यांना तो नेमका हवा तिथे बसवणं कठीण जाई. मेन राज्यातल्या स्टिलवॉटर गावचा लोहार जोसेफ पीव्ही याने 1850च्या दशकाच्या अखेरीस दोन बदल केले. आकडा लोखंडी पट्टीत असा बसवला की तो फक्त वर-खाली हलेल, बाजूला झुलणार नाही. आणि दांड्याच्या टोकाला अणकुचीदार खिळा ठोकला, म्हणजे तेच हत्यार भाल्यासारखं टोचताही येईल. हत्याराला त्याचंच नाव पडलं. आज तिकडे पीव्ही हे आडनाव कमी आणि अवजाराचं नाव जास्त आहे. एका गावच्या लोहाराने दुसऱ्यांच्या हातांकडे नीट पाहिल्यामुळे अख्ख्या धंद्याची रीत बदलली, ही गोष्ट आपल्या लोहारांना कुणीतरी सांगायला हवी होती.

तिसरं घराणं टोचेचं. याने लोळवायचं नसतं, ओढायचं असतं. आल्प्सच्या उतारांवर लांब दांड्याचं, पक्ष्याच्या चोचीसारखं पातं असलेलं हत्यार वापरतात. जपानमध्ये त्याच घडणीच्या हत्याराला तोबिगुची म्हणतात. तोबि म्हणजे घार, तिची चोच ती ही. एदो म्हणजे जुन्या टोकियो शहरातले आग विझवणारे याच चोचीने जळत्या घराशेजारची घरं ओढून पाडत, म्हणजे आग पुढे सरकू नये. दोन लांबच्या मुलखांनी एकमेकांना न विचारता तोच आकार काढला, हे पाहून मला फार आनंद होतो. वाकून वाकून कंबर मोडून घेण्यापेक्षा उभ्यानेच चोच मारून लाकूड जवळ ओढावं, हे कळायला भाषा एक असावी लागत नाही.

चौथं दोराचं, आणि यात आपण कुणापेक्षा कमी नाही. ट्रकला दोन बल्ल्या तिरप्या लावायच्या, दोराची टोकं वर बांधायची, दोर ओंडक्याखालून फिरवून परत वर घ्यायचा आणि वरून ओढायचा. ओंडका स्वतःच कप्पी होतो. ओढ निम्म्यावर येते आणि तो बल्ल्यांवरून लोळत वर चढतो. विदर्भातल्या कुठल्याही लाकूड डेपोवर ही रीत पाहायला मिळते आणि ती शिकवणारी शाळा कुठेही नाही. केरळात बेपूरच्या खलाशांनी दोर, कप्पी आणि लाकडी रुळांच्या जोरावर जहाजं ओढण्याची विद्या पिढ्यान् पिढ्या सांभाळली, तीही याच घराण्यातली. साखळी, चेन कुप्पी, हाताने फिरवायचा विंच हे सगळे दोराचेच वंशज. दोन जबड्यांचे चिमटे मी दोराच्या आणि आकड्याच्या मध्ये धरतो. ते ओंडका लटकवण्यासाठी चांगले; लोळवण्यात त्यांचा उपयोग थोडा.

जनावरं हा वेगळाच अध्याय आहे. बैलजोडीला साखळी लावून लठ्ठे ओढणं आपल्याकडे सर्वत्र होतं. गडचिरोली जिल्ह्यात कमलापूरला वनखात्याचे हत्ती आजही आहेत. ते मुळात लठ्ठे ओढण्यासाठीच ठेवले होते. ओलं सागवान पाण्यात नीट तरंगत नाही, म्हणून ब्रह्मदेशात झाडाच्या बुंध्याला सालीसकट कडं कापून ते दोन-तीन वर्षं उभंच वाळू देत आणि मग हत्तींकरवी नदीत सोडत. वजन कमी करून घ्यायचं आणि नंतर हलवायचं, हा शहाणपणा ज्याला घाई नाही त्याला आजही परवडतो.

माणसांनी वजन मुद्दाम अंगावर घेतल्याचंही एक उदाहरण आपल्याजवळ आहे. कोकणात शिमग्याला होळीचं झाड तोडून गावकरी खांद्यावर नाचवत आणतात. तिथे झाड जमिनीला टेकू न देणं हाच मान असतो. देवाच्या कामात हे शोभतं. वावरातल्या कामात हीच रीत पाठीचा मणका घेते.

हत्याराची निवड हा या पुस्तकाचा गाभा. त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटलेलं प्रकरण काळ्या मातीचं आहे. परदेशी पुस्तकांत हत्यारं ओंडक्याच्या जाडीवरून निवडायला सांगतात. लेखक आधी पायाखाली पाहायला सांगतो. मघाचाच ओंडका घ्या. कडक, सपाट मुरमावर तो हाताने ढकलला तरी गडगडतो. तोच काळ्या मातीत दोन इंच रुतला, तर त्या खाचेतून बाहेर काढायला वरच्या अंगाला एकशे ऐंशी किलोंच्या आसपास जोर लावावा लागतो. चार फुटी आकड्याच्या दांड्याने तो सत्तरच्या आसपास येतो. दोघांनी वाटून घेतला तर पस्तीस. साध्या तरफेचं गणित आहे हे, आणि पेन्सिलीने कुणीही करून पाहू शकतं. याहून मोठा फायदा आकड्यात मिळतो. खाचेतून अर्ध्यावर आलेला ओंडका तो धरून ठेवतो. हात दम खातात, ओंडका मागे जात नाही.

पीव्हीचा खिळा नदीवर सोन्यासारखा, पण ओल्या काळ्या जमिनीत तोच खिळा रुतून बसतो. टेकूचंही तेच. सब्बलेखाली दगड ठेवला आणि दाबलं, की ओंडका जागेवरच राहतो आणि दगड मातीत जातो. म्हणून इथे दगडाऐवजी रुंद फळीचा तुकडा हवा. आणि शक्य असेल तर काम दिवाळीनंतर, जमीन कडक झाल्यावर करावं. इतकी साधी गोष्ट छापलेली मी आजवर वाचली नव्हती.

सालीचं प्रकरणही असंच. बाभळीची खरबरीत साल आकडा चटकन धरते. अर्जुनाची आणि निलगिरीची गुळगुळीत साल सोलून निघते आणि आकडा सालीसकट हातात येतो. तिथे आकड्याचं टोक अधिक धारदार हवं आणि ठोका जोरात हवा. आकड्याचा पसारा ओंडक्याच्या जाडीशी जुळला नाही तर काहीच जुळत नाही. लहान आकडा मोठ्या ओंडक्याला ओरबाडतो, मोठा आकडा लहान ओंडक्याभोवती नुसता फिरतो.

दांड्याची लांबी अडीच फुटांपासून पाच फुटांपर्यंत असते. लांब दांडा जोर वाचवतो हे खरं. पण उभ्या तुरीच्या दोन ओळींत पाच फुटी दांडा फिरवायला जागा मिळत नाही, आणि बुटक्या माणसाला तो छातीच्या वर घेऊन ओढावा लागतो. लाकडाबद्दल अमेरिकेत हिकरीचं नाव घेतात. आपल्याकडे धावडा आहे, तिवस आहे. ज्या लाकडाच्या आखाने भरलेली बंडी पेलली, ज्याच्या दांड्यांनी कुऱ्हाडी चालवल्या, ते इथेही पुरतं. अट एकच, रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हव्यात. आडव्या रेषेचा दांडा ऐन जोरात मोडतो, आणि मोडतो तेव्हा माणूस ओंडक्याच्या अंगावर पडतो. आकड्यासाठी ट्रकचा जुना कमानपट्टा उत्तम. गावचे लोहार त्याचेच विळे आणि कुऱ्हाडी घडवतात, त्याचा स्वभाव त्यांना ठाऊक असतो.

एका बाबतीत माझा लेखकाशी मतभेद आहे. आकड्याच्या प्रेमात त्याने सब्बलेला जरा खालची जागा दिली आहे. माझ्या मते एकच हत्यार घ्यायची ऐपत असलेल्या घराने सब्बलच घ्यावी आणि ती नीट वापरायला शिकावी. आकडा दुसरा. पण दुसरं हत्यार घ्यायची वेळ आली की चेन कुप्पीवर पैसे घालण्याआधी आकडा घ्यावा, यावर आमचं एकमत आहे.

हे पुस्तक वर्धा जिल्ह्यात लिहिलं गेलं याला मी महत्त्व देतो. हाताच्या हत्यारांचा इतका सखोल विचार देशात फार थोड्या ठिकाणी झाला. 1934 साली मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला, जे. सी. कुमारप्पांनी त्याचा भार वाहिला, 1938 साली मगन संग्रहालय सुरू झालं. पुढे 1976 मध्ये देवेंद्रकुमारांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढलं. चरखा, घाणी, चक्की, हातकागद यांवर या मातीत बारीक काम झालं. घाणीत बैलाला किती ओढ पडते याचा विचार झाला. पण त्या घाणीचं खोड ज्यांनी गावापर्यंत आणलं त्यांच्या पाठीला किती ओढ पडली, सेवाग्रामच्या कुट्यांच्या मयाली कुणी, कशाने वाहिल्या, हा प्रश्न सहसा चर्चेत येत नाही. 1969 साली महाराष्ट्राने माथाडी कामगारांसाठी कायदा केला आणि डोक्यावर ओझं वाहणाऱ्याला नाव मिळालं. धुऱ्यावर ओंडका लोळवणाऱ्याला अजून नाव नाही. 2023 मध्ये बल्लारशाहहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान निघालं तेव्हा त्या लाकडाची मिरवणूक निघाली, आणि ती योग्यच होती. मला त्या दिवशी ते लठ्ठे गाडीवर चढवणारे हात पाहायचे होते.

हे आत्ताच का, असं कुणी विचारेल. तोडणं सोपं झालं म्हणून. ज्याला दोन माणसांचा आरा अर्धा दिवस घ्यायचा, ते काम चेनसॉ काही मिनिटांत करतो. झाड आडवं पडायला वेळ लागत नाही, पण पडलेलं झाड हलवायची रीत होती तिथेच आहे. जेसीबी येईल म्हणावं, तर तो उभ्या पिकातून येत नाही आणि एका ओंडक्यासाठी परवडतही नाही. वेचणीच्या दिवसांत मजूर मिळत नाही. घरात बहुतेक वेळा दोघंच असतात, त्यात एक म्हातारं. पूर्वी आठ जणांनी करायचं काम आता दोघांच्या अंगावर आलं आहे, आणि दोघांनी उचलायचा प्रयत्न केला तर काय होतं हे सांगायला नको.

झाड तोडावं की नाही, हा प्रश्न या पुस्तकाचा नाही. पण लेखक तो टाळतही नाही. 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाखाली परवानगी कशाला लागते, वाहतूक परवाना का लागतो, हे त्याने सुरुवातीलाच घातलं आहे. 2020 मध्ये सेवाग्रामच्या रस्त्यावरची जुनी झाडं वाचवायला वर्धेकर उभे राहिले. त्या लोकांनीही हे पुस्तक वाचावं असं मला वाटतं, कारण वादळाने पाडलेलं झाडही कुणाला तरी रस्त्यातून बाजूला करावंच लागतं.

पुस्तकात चित्रं भरपूर आहेत आणि ती मापासकट आहेत. लोहाराला अक्षर न वाचता हत्यार घडवता यावं, असा त्यामागचा विचार. उभं कुठे राहावं याची चित्रं मी दोनदा पाहिली. उतारावर ओंडक्याच्या खालच्या अंगाला कधीच उभं राहू नये. ताणलेला दांडा कधी अचानक सोडू नये, तो उलटून हनुवटीवर येतो. पाचर सारताना ती हाताने धरू नये, काठीने ढकलावी. ही चित्रं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवली तरी चालतील. हे पुस्तक कुणाला लाकडाच्या डेपोवरचा मुकादम बनवणार नाही, आणि मोठमोठ्या सागाच्या लठ्ठ्यांचं काम त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवलं, हेही बरं केलं.

वाचकाला एवढंच सांगेन. आकडा घडवायला लोहाराकडे जाल तेव्हा "मोठा कर" किंवा "लहान कर" असं सांगू नका. तुमच्या धुऱ्यावरच्या झाडांतल्या सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक खोडाला एकेक सुतळी गुंडाळा, गाठ मारा, आणि त्या दोन्ही सुतळ्या त्याच्या ऐरणीवर नेऊन ठेवा.